देर कोणाची, अंधेर कोणाचा?

‘भगवान के घर देर है, अंधेर नहीं.’ रायपूरच्या गुढियारीत, ठोक बाजाराच्या गल्ल्यांमधून हे वाक्य सतत कानावर पडतं. उधारी बुडालेल्याला, मुलीचं लग्न लांबलेल्याला, पेन्शनची फाइल अडकलेल्याला हाच दिलासा. इथल्या आमच्या मराठी घरांतही तो मुरला आहे. जोडीला ‘वेळ यावी लागते’ आहेच. माझं भांडण त्यातल्या श्रद्धेशी नाही. ज्याचं काहीच अडलेलं नसतं, तोच बहुधा हे अडलेल्याला ऐकवतो, हे मला खटकतं. स्वतःची वसुली थकली की कोणताही व्यापारी ती देवाच्या वेळेवर सोडत नाही.

या मताची भक्कम बाजू आधी मान्य करू. माणसाला पुढचं दिसत नाही, म्हणून फळाची घाई करू नये, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘म्हणून स्वस्थ बसावं’ हे कसं निघतं?

अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तसं बसून राहिलं होतं. त्यांची लेक पंडिता रमाबाई यांनी ही हकिकत पुढे स्वतः लिहून ठेवली. दक्षिणेतल्या दुष्काळात या विद्वान घराने होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत घातलं. देव प्रसन्न होईल म्हणून तीर्थं केली, अनुष्ठानं केली. अंगमेहनत करायची तर जात आडवी येत होती. अखेर रानात झाडपाला खाण्याची पाळी आली आणि शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. आत्महत्या टळली ती त्या एका वाक्याने. मात्र फार उशीर झाला होता. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण.

इथे बुद्धिवादी मंडळी टाळी वाजवतील: बघा, श्रद्धेनेच घर बुडालं! त्यांनी जरा थांबावं. याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात पुण्याहून मध्य प्रांतात आल्या. रायपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं, आणि छत्तीसगडाने तो दुष्काळ व त्यानंतरचा 1899-1900 चा, दोन्ही भोगले. रमाबाई उपाशी मुली आणि विधवा गोळा करून घेऊन गेल्या. त्यांना ठेवायचं कुठे, खायला काय घालायचं, याची सोय पुरती झालेली नव्हती. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या एका समितीने दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचनही संपत आलं होतं. हिशेबी माणूस थांबला असता. त्या थांबल्या नाहीत, कारण त्यांचा ईश्वरावर भरवसा होता. केडगावला जमीन होती, तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना काम शिकवलं. 1900 पर्यंत तिथल्या मुक्ती सदनात शेकडो जणी राहत होत्या. वडिलांची श्रद्धा काही लेकीपेक्षा उणी नव्हती. फरक पडला तो हातांच्या वापरात.

‘पण त्या तर ख्रिस्ती झाल्या, त्यांचा दाखला आम्हाला कशाला?’ हा आक्षेप येणारच. मग देहूला चला. सतराव्या शतकातल्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बसला. परंपरा सांगते, त्यांनी कर्जाची खतं वाटून घेतली. भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. देव पुढेमागे ऋणकोंचं बघून घेईल, असं ते म्हणाले नाहीत. आपल्या हातात होती तेवढी त्यांची सुटका त्यांनी त्याच वेळी केली. स्वतःच्या विठ्ठलासाठी मात्र ते वाट बघत राहिले, आणि त्या वाट बघण्यात रुसवे आहेत, भांडणं आहेत. ‘सगळं ठीक होईल’ असा गुळचटपणा नाही.

अशा वाट पाहण्याला मी मान देतो, आणि मनापासून देतो. आजारी लेकराच्या उशाशी, सगळे उपाय करून झाल्यावर बसलेली आई जेव्हा ‘त्याची वेळ’ म्हणते, तेव्हा तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. तेच शब्द पेन्शनची फाइल दाबून बसलेला बाबू खिडकीपलीकडून म्हणतो, तेव्हा देर त्याच्या टेबलावर असते. तिथे अर्जाची पोच मागावी, वरच्या साहेबाचं नाव विचारावं, आणि वाटेत मंदिर लागलं तर हातही जोडावेत.