कॉन्फरन्समध्ये टीवायचं पोस्टर हवंच!

कॉलेजात 'नॅशनल कॉन्फरन्स' असली की बीएस्सीच्या मुलामुलींच्या वाट्याला काय येतं? दारात रांगोळी, पाहुण्यांना बुके, रजिस्ट्रेशनच्या टेबलवर सह्या गोळा करणं आणि जेवणानंतर हॉल रिकामा दिसू नये म्हणून मागच्या रांगांत बसून राहणं. फोटोत गर्दी दिसते, फाईलला पुरावा मिळतो. पण केमिस्ट्री शिकणाऱ्या किती जणांना केमिस्ट्रीच्याच व्यासपीठावर दोन शब्द बोलायला मिळतात?

'तुमचं अजून बेसिकच कच्चं आहे, एमएस्सीला गेलात की बघू,' हे उत्तर ठरलेलं. ते पटत नाही, कारण बेसिक पक्कं होण्याची जागाच ती आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. हा खेळ कर्क्युमिनचा, हे टीवायचा विद्यार्थी सांगेल. आता समजा, दोघी मैत्रिणींनी सुट्ट्या हळद पावडरीत मेटॅनिल यलो या रंगाची भेसळ आहे का, हे तपासलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं, रंग गुलाबी झाला, पोस्टरवर निष्कर्ष लिहिला: भेसळ! समोर उभे राहिलेले परीक्षक एवढंच विचारतील, 'तीव्र ॲसिडनं शुद्ध हळदही गुलाबी होते. पाणी घालून बघितलंत का?' पाणी घातल्यावर गुलाबी रंग गेला तर तो हळदीचा. टिकला तर मेटॅनिल यलोचा संशय. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, तिथं असा प्रश्न कोण विचारणार? हा एक प्रश्न पोरींना परत लॅबमध्ये पाठवतो, आणि संशोधन तिथूनच सुरू होतं.

सुरुवात करायला दिल्ली-बेंगळुरू गाठायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'अविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत आधी जिल्हा पातळीची फेरी होते, मग विद्यापीठाची, मग राज्याची. तरीही कित्येकांना याची खबर नोटीस बोर्डावरून तारीख उलटल्यावर लागते.

दुसरी अडचण पैशांची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हे शब्द नवे नाहीत. आजही अनेक जण काम करून शिकतात. जत किंवा माणसारख्या तालुक्यातून येणाऱ्या मुलीला रजिस्ट्रेशनची फी, पोस्टरची छपाई, एसटीचं भाडं आणि एका रात्रीचा मुक्काम, हे सगळं स्वतःच्या खिशातून करा म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच आहे. आपल्याच कॉलेजच्या कॉन्फरन्समध्ये पदवीच्या मुलांना फी माफ करणं आणि पोस्टरसाठी एक तास राखून ठेवणं, एवढं तर प्रत्येक कॉलेजला जमेल. पाहुण्यांच्या शाली थोड्या कमी झाल्या तरी चालतील.

आणि दोस्तांनो, थोडी जबाबदारी आपलीही. पैसे भरले की घरबसल्या सर्टिफिकेट देणाऱ्या 'इंटरनॅशनल' कॉन्फरन्सेसचा सध्या सुळसुळाट आहे. तिथं कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून हाती कागदाशिवाय काही लागत नाही. त्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात जा. भाषणं सगळी कळणार नाहीत, चालतंय. इंग्रजी अडखळलं तर मराठीत विचारा. आपल्याकडचे बहुतेक सर, मॅडम मराठीतच शिकलेत. चहाच्या वेळेत कोपऱ्यात मोबाईल काढून बसू नका, पीएचडी करणाऱ्या ताईला किंवा दादाला गाठा आणि लॅबमध्ये दिवसभर नेमकं काय करता, ते विचारा.

यंदाच्या कॉन्फरन्सची नोटीस लागली की एचओडींना एवढंच विचारा: 'सर, आमचं पोस्टर कुठं लावायचं?' रांगोळी काय, ती आपण काढूच.