सिबिल 'साफ' करायला पैसे कशाला द्यायचे?

गेल्या वर्षी माझं घरकर्ज नाकारलं गेलं, तेव्हा कळलं की २०१९ ला फेडलेलं फ्रिजचं कर्ज सिबिल रिपोर्टमध्ये अजून थकीत दिसतंय. एनओसी घरात फाईलला लावलेली! एक एजंट म्हणाला, "आठ हजार द्या, स्कोअर साफ करून देतो."

दिले नाहीत. कारण नियम आपल्या बाजूने आहे, फक्त कुणी सांगत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक असेल तर ऑनलाइन तक्रारही फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथेही फी नाही.

माझं प्रकरण ४७ दिवसांनी मिटलं, १७०० रुपये आले. पण फ्लॅटचं टोकन बुडालं ते कोण देणार? चूक फायनान्स कंपनीची, हेलपाटे मात्र ग्राहकाला. रोजचे १०० रुपये त्यांच्यासाठी चिल्लर आहेत, ही रक्कम वाढायलाच हवी.

आणि हो, हप्ता खरंच थकवला असेल तर ती नोंद कुठलाही एजंट पुसू शकत नाही. कमी पैशात 'सेटलमेंट' केली तर रिपोर्टवर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असं येतं.

आज जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि आपला रिपोर्ट बघा. घर घ्यायला निघाल्यावर नको.