पोपच्या दारी वकिलात हवीच

नोव्हेंबर २०११ मध्ये आयर्लंडने तीन राजनैतिक कचेऱ्यांना कुलूप लावायचं ठरवलं: तेहरान, पूर्व तिमोर आणि व्हॅटिकन. देश कर्जात बुडालेला, खर्चावर नाणेनिधीची करडी नजर. व्हॅटिकनसाठीच्या वकिलातीतून आर्थिक फायदा होत नाही, असं परराष्ट्रमंत्री एमन गिलमोर यांनी सांगितलं. आता पोपकडून व्यापाराची अपेक्षा कुणी ठेवली होती?

हे कारण अनेकांच्या गळी उतरलं नाही. जुलैमध्येच क्लॉइन धर्मप्रांतातल्या बाललैंगिक अत्याचारांच्या तक्रारी कशा दडपल्या गेल्या, याचा चौकशी अहवाल आला होता. अशा तक्रारी पोलिसांना कळवायच्या, अशी नियमावली आयरिश बिशपांनी १९९६ मध्ये केली होती. पुढच्याच जानेवारीत पोपच्या डब्लिनमधल्या राजदूताने बिशपांना पत्र धाडलं: रोमच्या लेखी हा केवळ अभ्यासापुरता मसुदा आहे. त्या एका पत्राने टाळाटाळ करणाऱ्यांना आयती ढाल मिळाली. पंतप्रधान एंडा केनी यांनी भर संसदेत व्हॅटिकनवर कोरडे ओढले. व्हॅटिकनने राजदूत माघारी बोलावला.

आयर्लंडचा राग रास्तच होता, पण उपाय उफराटा. जाब विचारायचा तर विचारणारा माणूस रोममध्ये नको का? इटलीतल्या राजदूताकडेच हेही काम सोपवावं, तर व्हॅटिकनला ते चालत नाही. म्हणून परराष्ट्र खात्याचे सचिव डब्लिनमध्ये बसूनच राजदूत म्हणवू लागले. ज्या व्हिला स्पादामध्ये ही वकिलात होती, तिथे इटलीसाठीची आयरिश वकिलात आली. २०१४ मध्ये सरकारने व्हॅटिकनसाठीची वकिलात पुन्हा उघडली, आटोपशीर स्वरूपात.

धर्मनिरपेक्ष सरकारने धर्मगुरूकडे राजदूत का पाठवावा, हा आक्षेप जुना आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८६७ मध्ये अशा वकिलातीचे पैसेच तोडले. पूर्ण संबंध जुळायला १९८४ उजाडलं. मधल्या काळात, महायुद्ध पेटल्यावर, रूझवेल्टना मायरन टेलर यांना ‘वैयक्तिक प्रतिनिधी’ म्हणून पाठवावं लागलंच. तत्त्व सांभाळलं आणि कामही झालं; पळवाट मात्र उघड दिसत होती.

भारताने १९४८ मध्येच संबंध जोडले आणि गोव्याच्या प्रश्नात त्यांचा उपयोग झाला. गोवा म्हणजे पूर्वेकडचा कॅथलिक ठेवा, असा पोर्तुगालचा कांगावा चालू असताना जुलै १९५५ मध्ये नेहरू बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे पोपनाही मान्य असल्याचं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या हातचा एक पत्ता गळाला.

मुंबई आणि गोव्याचे आर्चबिशप आजही पोपच नेमतात. पोपचा राजदूत दिल्लीत मुक्कामाला असतो. भारताचा वर्षानुवर्षं बर्नमध्ये, स्वित्झर्लंडचं काम सांभाळून रोमची ये-जा करणारा. २०११ च्या जनगणनेत पावणेतीन कोटींवर ख्रिस्ती नागरिक मोजलेल्या देशाने रोममध्ये या कामासाठी एक पूर्णवेळ राजदूत ठेवायला हरकत नसावी.