जुना ट्रॅक्टर देऊन नवा घेताय? जीएसटीची बचत नक्की कुणाच्या खिशात जाते, ते आधी बघा

पुणे : ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांच्यावरचा करही 18 वरून 5 टक्के झाला. केंद्र सरकारने तेव्हा बचतीचा हिशोबही दिला होता. 35 एचपीला साधारण 41 हजार, 45 एचपीला 45 हजार आणि 50 एचपीला 53 हजार रुपये. आकडा चांगला आहे. पण गावाकडचा बराच व्यवहार रोखीचा नसतो, 'जुना घ्या, वर किती द्यायचे ते सांगा' असा असतो. खरी मेख तिथंच आहे.

जुन्याचाही भाव उतरतो

नवा ट्रॅक्टर 45 हजारांनी स्वस्त झाला की त्याच एचपीच्या जुन्याला पहिल्याइतका भाव कोण देणार? त्यामुळे शोरूमवाल्याने जुन्याची किंमत थोडी कमी धरली, तर त्यात सगळी लबाडीच असते असं नाही. पण नव्यावर 45 हजार वाचले आणि जुन्यावर 40 हजार कापले गेले, तर शेतकऱ्याच्या हातात 5 हजारच राहतात. बोर्डावर मात्र 'जीएसटी कपातीचा पूर्ण फायदा' असंच लिहिलेलं असतं.

म्हणून जुन्याला किती मिळाले यावर खूश व्हायचं नाही. बघायचा तो वरचा आकडा. समजा, एका शोरूमने जुन्याचे 3 लाख 20 हजार धरले आणि नव्याचे 7 लाख 60 हजार सांगितले. वर द्यायचे 4 लाख 40 हजार. दुसऱ्याने जुन्याचे 2 लाख 90 हजारच धरले, पण नवा 7 लाख 20 हजारांना दिला. वर 4 लाख 30 हजार. पहिल्याने जुन्याला 30 हजार जास्त दिले, तरी 10 हजारांनी महाग तोच पडला.

आधी नव्याचा भाव, मग जुन्याचा विषय

शोरूममध्ये पाय ठेवल्या ठेवल्या 'एक्स्चेंज करायचंय' म्हटलं की दोन्ही आकडे समोरच्याच्या हातात जातात. आधी विचारायचं, 'जुना न देता रोखीत किती?' विमा, पासिंग आणि इतर खर्च धरून हा आकडा कागदावर घ्यायचा. मग जुन्याची किंमत वेगळी लिहून घ्यायची. त्याआधी गावातल्या मिस्त्रीला आणि जुने ट्रॅक्टर घेणाऱ्या दोघा-तिघांना गाडी दाखवून बाजारभाव कळून घेतलेला बरा. मीटरवरचे तास, मागच्या टायरची नक्षी, इंजिनाचा धूर, हायड्रॉलिक आणि कागद यांवरच भाव ठरतो.

'जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून तेवढे कापतो' असं कुणी म्हणालं तर थांबायचं. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर असतो, आणि तो व्यापाऱ्यानेच भरायचा असतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला आपला जुना ट्रॅक्टर विकताना जीएसटी भरावा लागत नाही.

वरच्या रकमेचं कर्ज काढताना व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हेही विचारायचं. 4 लाखांवर 10 टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांत 2 लाख व्याज होतं. तोच दर घटत्या शिलकीवर आणि महिन्याच्या हप्त्याने असेल, तर सुमारे 1 लाख 10 हजार. भावात घासाघीस करून मिळवलेले 10 हजार इथं केव्हाच निघून जातात.

नाव तुमचं, तर जबाबदारीही तुमचीच

सगळ्यात मोठा धोका पैशाचा नाही, नावाचा आहे. जुना ट्रॅक्टर शोरूमला दिला, तिथून तो एजंटाकडे आणि पुढं तिसऱ्याच तालुक्यात गेला, पण आरसी बुकावर नाव जुन्याच मालकाचं राहिलं, असं सर्रास घडतं. 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट सांगितलं आहे. गाडी विकली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. त्या प्रकरणातली गाडी 2007 मध्ये विकलेली होती, नंतर अनेक हात फिरली, आणि अपघात झाला 2009 मध्ये.

यावर उपाय आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी नियम लागू आहेत. गाडी अशा डीलरकडे देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरला की ती पुढं विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. शोरूमकडे हे प्राधिकारपत्र आहे का, हे विचारायचं. नसेल तर फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या फॉर्मवर तर नाहीच नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विक्रीची माहिती 14 दिवसांत आरटीओला द्यावी लागते. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवायचा.

चावी देताना तारीख, वेळ आणि मीटरचे तास लिहिलेली, शिक्का मारलेली पोच मागायची. नाव बदललं की नाही, हे परिवहन विभागाच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मोबाईलवरच कळतं. महिनाभराने एकदा बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात.