मगरिबनंतरचे भुंगेरे

अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा परिसर. आजूबाजूला ऊसच ऊस. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की मगरिबनंतर कडुनिंब-बाभळीवर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. मुलांनो, मोबाईलवर फोटो जरूर काढा, पण तारखेसह अब्बूंना दाखवा. ही हुमणी! तिची पांढरी अळी उसाच्या मुळ्या खाते. मग वाळलेला ऊस ओढला की सहज उपटून येतो. वर्षाला पिढी एकच, म्हणून याच दिवसांत रात्री फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे.

शेणाची गोळी लोटणारा काळा किडा मात्र मारू नका. तोही याच कुळातला, पण शेण जमिनीत पुरून खत करणारा. त्याचे आफ्रिकेतले काही भाऊबंद रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून वाट सरळ ठेवतात, हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याचा फोटो हवा असेल तर ताज्या शेणाजवळ उकिडवे बसा, आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.