यंत्रासमोरचा उमेदवार

ज्या अमेरिकी काँग्रेसने 1988 साली बहुतेक खासगी मालकांना नोकरीच्या उमेदवारांची पॉलिग्राफ चाचणी घेण्यास मनाई केली, तिनेच सरकारी खात्यांना त्या मनाईतून मोकळे ठेवले, आणि पुढे 2010 च्या कायद्याने सीमासंरक्षण खात्यात पोलिसी अधिकाराचा हुद्दा मागणाऱ्या प्रत्येक अर्जदारास ती चाचणी सक्तीची केली, ही विसंगती मला घोर अन्यायाची वाटते.

छातीभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना विजेची टोके लावून बसविलेल्या माणसाचा श्वास, नाडी व घाम यांतील चढउतार हे यंत्र इमानाने टिपते. परंतु तो चढउतार असत्याच्या ओझ्याने झाला, की आपले खरे बोलणेही खोटे ठरेल या धास्तीने झाला, हे त्यास उमगत नाही, आणि तो निवाडा अखेर तपासनिसाच्या अनुमानावर येऊन पडतो. बारीकशा चुकीचीही ज्याच्या मनाला बोच लागते, असा सालस तरुण त्या खुर्चीत निर्ढावलेल्या माणसापेक्षा अधिक कापणार, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी नोकरीसाठी मुलाखत दिली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 सालच्या आपल्या अहवालात 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर असल्याचे कल्पून हिशेब मांडला आहे: त्यांतील 8 हेर सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्यांच्याबरोबर सुमारे 1,600 निरपराध माणसेही संशयित ठरतात. या सोळाशेंच्या घरी काय घडत असेल, याचा विचार कोणते दप्तर करते?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी खटल्यात आरोपीचीदेखील ही चाचणी त्याच्या संमतीविना घेता येणार नाही, असे ठरविले. उमेदवार संमती देतो खरा, पण पोटापाण्याचा प्रश्न समोर उभा असता दिलेल्या त्या संमतीला स्वेच्छा म्हणणे मला जड जाते.

आणि एवढे निरपराध भरडूनही खरा अपराधी हाती लागतोच असे नाही. सीआयएचा अधिकारी असून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा आल्ड्रिच एम्स 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून सुखरूप सुटला. वार्षिक पगार 70,000 डॉलरांच्या आत असताना त्याने 1989 साली 5,40,000 डॉलर रोख मोजून घेतलेल्या घराचे खरेदीखत मात्र दुसऱ्या चाचणीच्या आधीपासून, कोणीही मागवून पाहावे असे, सरकारदरबारी नोंदलेले होते.