विश्लेषण : ‘रीमॅप’ केलेल्या गाडीला ई-२० का झेपत नाही? इंजेक्टरचे गणित कुठे चुकते?

अहिल्यानगरहून सोलापूरकडे निघाले की कर्जत तालुक्यातील मिरजगाव लागते. टाकी इथे भरा किंवा पुण्यात, पंपाच्या नळीतून येते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल. ‘मायलेज पडले’ ही तक्रार आता जुनी झाली. ज्यांनी गाडीला सुपरचार्जर बसवला किंवा टर्बो गाडी ‘रीमॅप’ करून ताकद वाढवून घेतली, त्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट थेट पिस्टनपर्यंत जाते.

इंजेक्टर किती मोठा हवा?

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बो धुराच्या जोरावर. काम दोघांचे एकच, सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणे. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढलेच पाहिजे. ते देणारा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. मिनिटाला किती सीसी सोडते, यावर तिचे माप ठरते.

समजा, चार सिलिंडरच्या इंजिनातून १५० हॉर्सपॉवर हवी आहे. सुपरचार्ज्ड इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पिते. म्हणजे तासाला साडेचाळीस किलो, मिनिटाला सुमारे ९०० सीसी. एका इंजेक्टरच्या वाट्याला आले २२५. पण तोटी सतत उघडी ठेवून चालत नाही. ६००० आरपीएमला इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत संपते. त्यातले १६ मिलिसेकंद, म्हणजे ८० टक्के, ही उघडे राहण्याची सुरक्षित मर्यादा मानतात. त्यामुळे इंजेक्टर किमान २८० सीसीचा लागतो.

मग फार मोठा बसवला तर? आयडलिंगला एवढा मोठा इंजेक्टर थेंबभर पेट्रोल नेमके सोडू शकत नाही. गाडी सिग्नलला गुरगुरते, बंद पडते.

ई-२० ने काय बदलले?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी ९. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. याचा अर्थ, तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण साडेसात टक्के जास्त इंधन द्यावे लागते. वरच्या उदाहरणातला २८० चा इंजेक्टर आता ३०० चा हवा.

कंपनीतून आलेल्या गाडीत हा फरक ऑक्सिजन सेन्सर बऱ्याच अंशी भरून काढतो. पण पॅडल पूर्ण दाबल्यावर अनेक गाड्यांचा संगणक सेन्सरपेक्षा आधीच भरलेल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता जुन्या पेट्रोलवर बेतलेला आणि इंजेक्टर आधीच मर्यादेला टेकलेला असेल, तर वाढीव इंधन येणार कुठून? मिश्रणात पेट्रोल कमी पडते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनचे डोके वितळते.

गंमत म्हणजे इथेनॉल हे दाबाखाली चालणाऱ्या इंजिनाला मानवणारे इंधन आहे. त्याचा ऑक्टेन जास्त, बाष्प होताना ते हवा थंड करते, त्यामुळे नॉकिंग टळते. अट एवढीच की ते पुरेसे मिळाले पाहिजे.

नुसता दाब वाढवून भागते का?

गॅरेजमध्ये हा सोपा उपाय सुचवला जातो. इंजेक्टर तेच ठेवा, इंधनाचा दाब वाढवा. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ बार केले, म्हणजे दाब तिसऱ्या हिश्शाने वाढवला, तर पेट्रोल वाढते साधारण साडेपंधरा टक्के. ते दुप्पट हवे असेल तर दाब चौपट लागेल. शिवाय दाब चढतो तसा पंपाचा पुरवठा घटतो.

याहून घातक चूक सहज नजरेत येत नाही. सुपरचार्जर ०.७ बार बूस्ट देत असेल, तर इंजेक्टरच्या तोंडाशी तेवढा दाब उलट बाजूने रेटत असतो. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली नसेल, तर ३ बारपैकी २.३ च उरतात आणि प्रवाह सुमारे १२ टक्क्यांनी घटतो, तोही सर्वाधिक गरज असतानाच. बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतल्या पंपाजवळच असतो, तिथे ही नळीच नसते.

धोरण आणि कायदा काय म्हणतो?

ई-२० मागे फिरण्याची चिन्हे नाहीत. २० टक्क्यांचे लक्ष्य सरकारने २०३० वरून २०२५-२६ वर आणले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिलेल्या या जिल्ह्यात उसाच्या इथेनॉलला विरोध होणे तसेही कठीण. मायलेजबाबत नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-१० वर कॅलिब्रेट केलेल्या जुन्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज होता.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदलाला मनाई करते. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच.

गाडी आधीच बदलून घेतली असेल तर?

डायनोवर पूर्ण जोरात वाइडबँड सेन्सरचे वाचन आणि इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो, हे दोन आकडे मागा. मीटर १४.७ च्या पट्टीवर न वाचता ‘लॅम्डा’ मध्ये वाचा. कारण ०.८ लॅम्डा म्हणजे पेट्रोलसाठी ११.८ आणि ई-२० साठी सुमारे १०.८, पण पेट्रोलचा मीटर दोन्ही वेळा ११.८ च दाखवतो. इंजेक्टर ८५ टक्क्यांपलीकडे जात असेल, तर तो बदलेपर्यंत बूस्ट कमी करून घ्या.